फिफ्थ व्हील ट्रेलरसाठी हलका हिच निवडताना

फिफ्थ व्हील ट्रेलर म्हणजे ज्याचं नाक पिकअपच्या हौद्यावर टेकतं असा ट्रेलर, आणि हिच म्हणजे त्याला गाडीशी जोडणारा सांगाडा. हौद्यात बसणारा नेहमीचा लोखंडी फिफ्थ व्हील हिच खालच्या पट्ट्यांसकट दीडशे-दोनशे पौंडांच्या घरात जातो. ट्रेलर उभा करून ठेवला आणि हौद्यात दुसरं काही भरायची वेळ आली, की हे धूड बाहेर कोणी काढायचं हा प्रश्न उभा राहतो. हलक्या हिचची जाहिरात नेमकी इथे हात घालते: पस्तीस-चाळीस पौंडांचा अॅल्युमिनियमचा सांगाडा, एकट्याने उचला, फाळक्यावरून खाली ठेवा. यात खोटं काही नाही. पण हिचचं वजन घटलं म्हणून ट्रेलरचा जोर घटत नाही. आधी जो जोर जाडजूड लोखंड झेलत होतं, तो आता एखाद्या बोल्टवर, बॉलवर किंवा ट्रेलरच्या पिनबॉक्सवर (हिचमध्ये अडकणारी जाड पिन, म्हणजे किंगपिन, धरून ठेवणाऱ्या नाकाखालच्या भागावर) येतो. कोणत्या हिचमध्ये तो कुठे येतो हे बघून निवड करायची, वजनाचा आकडा त्यानंतर.

आधी वजनकाटा, मग कॅटलॉग

अमेरिकेत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये, असा आकडा त्यावर छापलेला असतो. तुमच्या गाडीचा पेलोड तोच. जाहिरातीतला आकडा त्या मॉडेलच्या सगळ्यात हलक्या गाडीचा असतो. डिझेल इंजिन, चारचाकी ड्राइव्ह, सनरूफ असं एकेक वाढत गेलं की पेलोड तेवढा उतरतो. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांच्या स्टिकरवर पाचशे पौंडांचा फरकसुद्धा निघू शकतो.

या पेलोडमधून माणसं वजा होतात, कुत्रा वजा होतो, टूलबॉक्स वजा होतो, हिच वजा होतो आणि ट्रेलरच्या पिनचं वजन वजा होतं. पिनचं वजन म्हणजे ट्रेलरचा जो भार किंगपिनमधून थेट हौद्यावर येतो तो. फिफ्थ व्हीलमध्ये हा भार भरलेल्या ट्रेलरच्या १५ ते २५ टक्के असतो. हिशोबाला २० टक्के धरावा, आणि पुढच्या बाजूला मोठी सामानाची जागा असलेल्या ट्रेलरला २२-२३ धरला तरी चूक होत नाही.

एक उदाहरण घेऊ. स्टिकरवर २,३०० पौंड आहेत. गाडीतली माणसं आणि किरकोळ सामान ३४० पौंड. भरलेला ट्रेलर ९,५०० पौंडांचा, म्हणजे पिनवर १,९००. उरले ६० पौंड. १८० पौंडांचा लोखंडी हिच लावला तर १२० पौंडांनी वर गेलात. ४० पौंडांचा लावला तर २० पौंड शिल्लक राहिले. कागदावर गाडी बसली, पण २० पौंडांच्या शिलकीला शिल्लक म्हणत नाहीत. पाण्याचे दोन-तीन कॅन मागच्या सीटवर ठेवले की ती संपली. हलका हिच शंभर-दीडशे पौंड वाचवतो, त्याहून जास्त नाही. ज्या गाडीला ट्रेलर तीन-चारशे पौंडांनी जड होतोय तिला हिच बदलून काही उपयोग नाही; तिथे ट्रेलर हलका हवा किंवा गाडी मोठी.

गोंधळ बहुतेक वेळा एकाच जागी होतो. माहितीपत्रकात दिलेलं पिनचं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं. ३० पौंडी प्रोपेनची भरलेली टाकी टाकीसकट साधारण ५५ पौंड भरते, अशा दोन असतात, आणि त्या पुढे असतात. बॅटऱ्याही पुढेच. जनरेटर, पाइप, घड्या घालायच्या खुर्च्या, सगळं पुढच्या पोटात जातं. पाण्याची टाकी एक्सलच्या पुढे असेल तर दर गॅलनमागे ८.३४ पौंडांतला काही वाटा पिनवर येतो. माहितीपत्रकातली १,५०० ची पिन प्रवासाला निघताना १,९०० होते ती अशी.

अंदाज नको असेल तर वजन करून घ्या. हमरस्त्यावरच्या ट्रक स्टॉपवर असलेल्या कॅट स्केलवर पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलरचे एक्सल अशी तीन वजनं वेगळी मिळतात. प्रवासाला निघतो तसा ट्रेलर भरून एकदा वजन करा, मग ट्रेलर सोडून त्याच माणसांसह नुसती गाडी चढवा. जोडलेल्या अवस्थेत गाडीच्या दोन्ही एक्सलची बेरीज, वजा नुसत्या गाडीचं वजन, म्हणजे पिनचा खरा भार. मागच्या एक्सलचा आकडाही दाराजवळच्या लेबलवरच्या एक्सलच्या मर्यादेशी ताडून पाहा. पेलोडमध्ये बसणारी गाडी इथे अडकते असं बऱ्याचदा होतं, कारण पिनचा जवळजवळ सगळा भार मागच्या एक्सलवर असतो.

‘हलका’ म्हणून काय काय विकलं जातं

या नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी मिळतात आणि त्यांची सरमिसळ केली की घोळ होतो.

पहिला प्रकार बॉल आणि नसराळ्याचा. अँडरसनचा अॅल्युमिनियम अल्टिमेट हा त्यातला सगळ्यात माहितीचा. हौद्यात पिरॅमिडसारखा सांगाडा, त्याच्या टोकावर २-५/१६ इंचांचा बॉल, आणि ट्रेलरच्या किंगपिनला कायमचा आवळून बसवलेला कपलर, ज्याचं तोंड खालून नसराळ्यासारखं असतं. सांगाडा साधारण ३५ ते ४० पौंडांचा आणि ओढण्याची मर्यादा २४,००० पौंड. ताटासारखी आडवी प्लेट नाही, म्हणून तिला ग्रीस फासणं नाही की प्लॅस्टिकची चकती घालणं नाही. मात्र किंगपिनवरच्या कपलरचं वजन ट्रेलरवर, म्हणजे पर्यायाने पिनवरच येतं. नुसत्या सांगाड्याचा आकडा पाहून ते विसरू नका.

दुसऱ्या प्रकारात हिच नेहमीचाच, आडवी प्लेट आणि किंगपिन पकडणाऱ्या जबड्याचा. फक्त तो हौद्याच्या तळातल्या गूसनेक बॉलवर (ट्रेलर अडकवायच्या लोखंडी गोळ्यावर) किंवा त्याच्या भोकात एकाच जागी धरला जातो. पुलराइटचा सुपरलाइट आणि डेम्कोचा रेकॉन या जातीचे. पट्ट्या लागत नाहीत, ट्रेलरला हात लावावा लागत नाही. बॉलवाल्यापेक्षा जड, पण पट्ट्यांवरच्या हिचपेक्षा सुटसुटीत.

तिसऱ्या प्रकारात हौद्यात हिच नसतोच. ट्रेलरचा पिनबॉक्स काढून त्याजागी थेट गूसनेक बॉलवर बसणारी लांब मान लावायची, जसा रीसचा गूस बॉक्स. हौद्यातल्या हिचचं सगळं वजन वाचतं, हौदा पूर्ण मोकळा राहतो. याच जागी लोक किंगपिनलाच नळीसारखा एक स्वस्त अॅडॉप्टर आवळतात, जो किंगपिन खाली बॉलपर्यंत लांबवतो. दिसायला दोन्ही सारखे, कामाला अजिबात सारखे नाहीत, त्याबद्दल पुढे.

बी अँड डब्ल्यूच्या कम्पॅनियनसारखे दोन तुकड्यांत सुटणारे लोखंडी हिचही या यादीत घुसवले जातात. ते हलके नव्हेत, पण वजन दोन हप्त्यांत उचलता येतं. अमेरिकेतली एनआयओएसएच ही कामगारांच्या सुरक्षेवर काम करणारी संस्था अगदी आदर्श परिस्थितीतसुद्धा एका माणसाने ५१ पौंडांहून जास्त उचलू नये असं धरते, आणि हौद्याच्या काठावरून वाकून, हात लांब करून उचलणं आदर्श परिस्थितीच्या जवळपासही नाही. पाठीसाठी हलका हिच हवा असेल तर सगळ्यात जड तुकडा केवढा, हे विचारा. एकूण वजन विचारून काही कळत नाही.

खाली कशावर बसणार

तुमच्या हौद्यात आत्ता काय आहे यावरून अर्धी निवड होऊन जाते. फोर्ड, रॅम आणि जीएमच्या तीन-चतुर्थांश आणि एक टनी (म्हणजे जड वर्गातल्या) गाड्यांना कारखान्यातूनच मिळणारं टोइंगचं पॅकेज असेल, तर हौद्याच्या तळात मधोमध बॉलचं भोक आणि त्याच्याभोवती चार ‘पक’ म्हणजे गोल खोबणी असतात. पकांमधलं अंतर कंपनीगणिक वेगळं असल्याने एकाचे पाय दुसऱ्याला बसत नाहीत. हिच मागवताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष दोन्ही द्या. हे पॅकेज नसेल आणि हौद्याखाली बी अँड डब्ल्यूच्या टर्नओव्हरबॉलसारखा गूसनेक बसवलेला असेल, तर एका जागी धरणारे बहुतेक हिच चालतात. काहीच नसेल तर गूसनेक बसवा, नाहीतर हौद्यात आडव्या दोन पट्ट्या. पट्ट्या आणि त्यांचे खालचे ब्रॅकेट धरून वजन करा, कारण पट्ट्यांवर बसवलेला ‘हलका’ हिच कधीकधी पकांवरच्या लोखंडी हिचएवढाच भरतो.

अर्धा टनी, म्हणजे हलक्या वर्गातल्या, गाड्यांना बहुतेक वेळा यातलं काही नसतं. तिथे फ्रेमला बसणारे ब्रॅकेट त्याच मॉडेलसाठी बनवलेले घ्यावेत. फ्रेमला मनाने भोकं पाडू नयेत आणि वेल्डिंग तर मुळीच नाही.

हौद्यात प्लॅस्टिकचा सुटा लायनर टाकलेला असेल तर हिचच्या पायांखालून तो काढावा किंवा तेवढा कापावा. प्लॅस्टिक दाबाखाली हळूहळू बसतं आणि बोल्टचा ताण सुटत जातो. पाना लावून घट्ट केलेला बोल्ट आठवड्याने हाताने फिरतो तो यामुळे. फवारलेल्या लायनरची अडचण नसते.

एका बोल्टवर सगळं

एकाच जागी धरलेल्या हिचमध्ये काय चालतं ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. समजा बॉल किंवा जबडा तळापासून १७ इंच उंच आहे, आणि ब्रेक लावताना ट्रेलरने गाडीला ३,००० पौंडांनी ढकललं. ३,००० गुणिले १७, म्हणजे ५१,००० इंच-पौंडांचा जोर हिचला पुढे उलथवायला बघतो. त्याला विरोध कोण करतं? एक, पिनचा भार: १,९०० पौंड, आणि हिचचे पुढचे पाय मध्यापासून १४ इंच पुढे असतील तर १,९०० गुणिले १४, म्हणजे २६,६००. उरलेले २४,४०० मधल्या बॉलला आवळलेला बोल्ट धरतो. १४ ने भागलं तर त्याच्यावर सुमारे १,७४० पौंडांचा ताण येतो. त्याच वेळी पुढचे दोन पाय पिनचा भार आणि बोल्टचा ताण, असे दोन्ही मिळून हौद्याच्या पत्र्यात रुततात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे बोल्टला आधीपासून पुरेसा ताण हवा. तो कमी असेल तर प्रत्येक ब्रेकला मागचे पाय किंचित उचलले जातात, पुन्हा आपटतात, खडखड सुरू होते आणि त्या आपटण्याने बोल्ट आणखी ढिला होतो. म्हणून कंपनीने दिलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, तो मोजणाऱ्या टॉर्क रेंचनेच द्यायचा, अंदाजाने नाही. पहिल्या ५० मैलांनंतर पुन्हा बघायचा, मग दर प्रवासाच्या सुरुवातीला. बोल्टवर आणि शेजारच्या धातूवर रंगाच्या पेनाने एकच आडवी रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय हे हात न लावता कळतं.

दुसरी गोष्ट, पायांना खाली सपाट, भक्कम टेकू हवा. हौद्याच्या पत्र्याला वळ्या असतात. पाय वळीच्या टोकावर अर्धा टेकला असेल तर तिथला पत्रा दबतो. पाय नेमके कुठे टेकणार ते हौद्याच्या तळावर खडूने आखून घ्या, आणि जिथे वळी आड येते तिथे हिचवाल्या कंपनीची जाड पट्टी किंवा पॅड घाला. लाकडाची चिप घालू नका, ती पाण्याने फुगते आणि दाबाने बसते. चारही पाय पकांत अडकणाऱ्या हिचला ही अडचण फारशी नसते, कारण तिथे ताण चार जागी वाटला जातो. ट्रेलर १५,००० पौंडांच्या वरचा असेल आणि गाडीत पक असतील, तर वाचलेल्या वजनाचा मोह सोडून चार पकांवरचाच हिच घ्यावा असं आमचं मत आहे.

पिनबॉक्स आणि तरफ

आता तिसऱ्या प्रकारातली ती मेख. फिफ्थ व्हील ट्रेलरची पुढची फ्रेम किंगपिनच्या पातळीवर ओढलं जाईल असं धरून बनवलेली असते. फ्रेमपासून किंगपिन १६ इंच खाली असेल, तर ३,००० पौंडांच्या हिसक्याने फ्रेमच्या सांध्यावर ४८,००० इंच-पौंडांचा पीळ येतो. किंगपिनला नळीचा अॅडॉप्टर लावून जोड १२ इंच आणखी खाली नेला, तर तरफ २८ इंचांची झाली आणि पीळ ८४,०००. तोच ट्रेलर, तीच गाडी, आणि पीळ पावणेदोन पट. प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक खड्ड्याला. मग पिनबॉक्सच्या सांध्याजवळ वेल्डिंगला तडे जातात, पुढच्या भिंतीच्या फायबरमध्ये कोपऱ्यातून निघालेल्या तिरक्या रेघा दिसायला लागतात.

म्हणूनच बरेच फ्रेम बनवणारे अॅडॉप्टर लावलेल्या ट्रेलरची वॉरंटी मानत नाहीत. पिनबॉक्स बदलून लावायचा गूस बॉक्ससारखा भाग हा धक्का खाण्यासाठी हवेचे फुगे वापरतो आणि मूळ पिनबॉक्सच्याच बोल्टांवर बसतो; तरीही तुमच्या ट्रेलरच्या फ्रेमला तो चालतो का, हे फ्रेमच्या कंपनीकडून लेखी घ्या, दुकानदाराच्या तोंडच्या शब्दावर नको.

अँडरसनच्या जातीचा हिच या बाबतीत बरा. बॉल वर, जवळजवळ किंगपिनच्या उंचीला आहे, म्हणून जोड फक्त थोडाच खाली जातो. म्हणजे तरफ ट्रेलरवर न येता हौद्यातल्या सांगाड्यावर येते, आणि वर केलेला बोल्टाचा हिशोब त्याला पुरेपूर लागू होतो. कुठेतरी ती येणारच. गाडीवर हवी की ट्रेलरवर, एवढंच आपल्या हातात.

कपलर किंगपिनला बसवताना किंगपिनवरचं ग्रीस आणि गंज रॉकेल किंवा ब्रेक क्लीनरने पुसून कोरडं करा. ग्रीसवर आवळलेला कपलर वळणावर किंगपिनभोवती फिरतो, आणि फिरला की नसराळं तिरकं होतं. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे करत आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर कपलर एका अंगाला बसतो. आणखी एक, फार कोणी सांगत नाही: कपलर चढवला की ट्रेलरचा तो किंगपिन दुसऱ्या कुठल्याही प्लेटवाल्या हिचला जोडता येत नाही. सर्व्हिसला दिल्यावर यार्डातल्या गाडीने तो हलवता येणार नाही, वाटेत गाडी बंद पडली तर मदतीला आलेल्या ट्रकलाही नाही. तो काढायला लागणारी अॅलन की ट्रेलरमध्येच ठेवा.

छोटा हौदा

हौदा ८ फुटी असेल तर हा भाग सोडून दिलात तरी चालेल. ६.५ किंवा ५.५ फुटी असेल तर सगळ्यात आधी फीत घ्या आणि केबिनच्या मागच्या काचेपासून हिचच्या मध्यापर्यंत मोजा.

ट्रेलरची रुंदी ९६ ते १०२ इंच, म्हणजे अर्धी ४८ ते ५१. पूर्ण काटकोनात वळल्यावर ट्रेलरचा पुढचा कोपरा केबिनच्या दिशेने तेवढा येतो. केबिनपासून हिचचा मध्य ५१ इंचांहून चार-पाच इंच लांब असेल तर निर्धास्त. हे झालं ट्रेलरचं नाक किंगपिनच्या मागे असताना. नाक किंगपिनच्या पुढे गेलेलं असेल तर कोपऱ्याचं अंतर वाढतं: किंगपिनपासून १२ इंच पुढे आणि ५१ इंच बाजूला असलेला कोपरा सरळ रेषेत सुमारे ५२.४ इंच लांब असतो, आणि काटकोन व्हायच्या आधीच केबिनच्या सगळ्यात जवळ येतो. कोपरे खाचलेले किंवा गोलाईचे असलेल्या ट्रेलरना थोडी सवलत मिळते, पण नेमकी किती ते मोकळ्या मैदानात, बाहेर एक माणूस उभा करून, हळू वळवूनच पाहावं.

छोट्या हौद्याला सरकता हिच हा जुना उपाय, पण तो सगळ्यात जड. पुलराइटचा सुपरग्लाइड वळताना आपोआप मागे सरकतो, आणि त्याचं वजनही त्या मानाने असतं. हलक्या हिचच्या नादात जो वाचवला तो भार इथे परत येतो. दुसरा उपाय ट्रेलरकडून: रीसच्या साइडवाइंडरसारखा पिनबॉक्स, जो वळण्याचा बिंदू २२ इंच मागे नेतो. त्याला एक अट आहे: किंगपिन हिचमध्ये फिरायला नको, म्हणून जबड्यात पाचर बसवतात. बॉलवाल्या हिचमध्ये फिरणं रोखायला काही नसतं, त्यामुळे ही जोडी जमत नाही. दोन्ही वेगवेगळे चांगले, एकत्र धोक्याचे.

काही हलक्या हिचमध्ये बॉल मध्यापासून मागे सरकवून बसवता येतो. सोय आहे, पण जपून. हिचचा मध्य मागच्या एक्सलच्या वर किंवा दोन-चार इंच पुढे असावा. तो एक्सलच्या मागे गेला की पिनचा भार पुढची चाकं उचलायला बघतो, स्टिअरिंग हलकं लागतं आणि ओल्या रस्त्यावर पुढची पकड कमी होते.

उंची

ट्रेलर सरळ, फार तर नाकाकडे किंचित खाली झुकलेला हवा. नाक वर राहिलं तर भार मागच्या एक्सलवर जातो आणि तिथले टायर तापतात. त्याच वेळी हौद्याच्या काठाची वरची कड आणि ट्रेलरचा पुढे आलेला भाग यांच्यामध्ये साडेपाच-सहा इंच मोकळे राहायला हवेत. नाल्यातून तिरकं जाताना किंवा चढाची सुरुवात होताना काठ ट्रेलरला घासतो तो इथेच. नव्या उंच पिकअपमध्ये दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत. अशा वेळी मोकळी जागा आधी, सरळपणा नंतर, आणि तरीही फार नाक वर राहत असेल तर ट्रेलरचे एक्सल उंच करून घेणं हा उपाय आहे. म्हणून हिच घेताना त्याची उंची किती टप्प्यांत बदलता येते ते पाहा. हलक्या हिचमध्ये टप्पे कमी असतात.

जोडताना

प्लेटवाल्या हिचमध्ये गाडी मागे घेत किंगपिन जबड्यात घालतात. ट्रेलरची प्लेट हिचच्या प्लेटपेक्षा अर्धा इंच खाली ठेवायची, म्हणजे ती उतारावर चढून बसते. पिन उंच राहिली तर जबडा तिच्या खालच्या कडेलाच धरतो. खटका वाजतो, दांडा आत जातो, सगळं ठीक दिसतं, आणि पहिल्या उंचवट्यावर ट्रेलर हौद्याच्या काठावर आदळतो. टॉर्च मारून जबडा पिनच्या मधल्या खाचेत पूर्ण मिटलाय का, हे डोळ्यांनी बघावंच लागतं.

बॉलवाल्याची रीत वेगळी. तिथे बॉल नसराळ्याच्या खाली आणून ट्रेलर वरून खाली उतरवायचा. इंच-दीड इंचाचा फरक नसराळं सांभाळून घेतं, त्याहून जास्त नाही, म्हणून हौद्यात बघणारा कॅमेरा असेल तर काम निम्मं होतं. सोडताना ट्रेलर बॉलच्या आणि फाळक्याच्या वर उचलावा लागतो, म्हणजे प्लेटवाल्यापेक्षा कित्येक इंच जास्त. लँडिंग गियरचे, म्हणजे सोडलेल्या ट्रेलरचं नाक तोलून धरणारे, पाय तेवढे लांबतात का हे हिच विकत घेण्याआधी पाहा. उतारावर उभं करायची वेळ आली की कमी पडतात आणि मग खाली ठोकळे रचत बसावं लागतं.

दोन्ही प्रकारांत जोडल्यावर ओढून पाहण्याची चाचणी चुकवू नका. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे, लँडिंग गियर जमिनीपासून फार तर इंचभर वर, गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरवरून ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे आणि गाडी हळूच पुढे ओढायची. जोड चुकला असेल तर ट्रेलर इंचभर खाली पायांवर टेकेल, हौद्यावर पडणार नाही. मगच पाय पूर्ण वर.

ब्रेकअवे केबल, म्हणजे ट्रेलर सुटला तर पिन ओढून त्याचे ब्रेक लावणारी तार, हिचला अडकवू नका. हिचच निसटला तर केबल त्याच्याबरोबर जाते, पिन ओढली जात नाही आणि ट्रेलरचे ब्रेक लागतच नाहीत. केबल गाडीच्या हौद्यातल्या भक्कम कडीला बांधायची. एका बोल्टवर बसणाऱ्या हिचला ही सूचना दुप्पट लागू. बॉलला जोडलेल्या ट्रेलरला सेफ्टी चेनही लावाव्या लागतात असा नियम बऱ्याच राज्यांत आहे. बॉलवाला हिच घेतलात तर चेनच्या कड्यांची सोय सोबत मागवा, आणि आपल्या राज्याचा नियम आधी पाहा.

देखभाल

लोखंड वाकतं, गंजतं, आपली अवस्था दाखवतं. अॅल्युमिनियमची सवय वेगळी: वारंवार बसणाऱ्या लहान हिसक्यांचाही थकवा त्यात साठत जातो आणि तडा आला की लवकर वाढतो. दर हंगामाच्या सुरुवातीला सांगाडा धुऊन, वेल्डिंगच्या कडेकडेने टॉर्च तिरका धरून बघा. केसाएवढी काळी रेघ दिसली आणि ती ओल्या फडक्याने पुसली गेली नाही, तर तो सांगाडा पुन्हा लावायचा नाही, वेल्डिंग करून तर नाहीच, कारण वेल्डच्या शेजारच्या धातूची ताकद त्या उष्णतेने जाते.

हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्या भागात लोखंडी बोल्ट आणि अॅल्युमिनियम जिथे भिडतात तिथे पांढरी भुकटी जमते आणि बोल्ट अडकून बसतो. सांगाडा हंगामानंतर काढून ठेवा, बोल्टच्या बैठकीची जागा घासून साफ करा आणि बोल्ट कोरडा ठेवायचा की आट्यांना काही लावायचं हे कंपनीच्या पत्रकात पाहूनच ठरवा. टॉर्कचा आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असेल आणि तुम्ही वंगण लावलंत, तर तेवढ्याच टॉर्कला बोल्टवर कितीतरी जास्त ताण येतो.

पुन्हा बसवताना गूसनेक बॉलचा खालचा खटका पूर्ण आत गेलाय का, हे गाडीखाली वाकून पाहा. वरून हँडल सरळ दिसतं. भोकात माती अडकली असेल तर पिन अर्ध्यावर थांबलेली असते.